डाउनस्विंग मोजायचा कसा आणि निभावायचा कसा: नव्या पोकर खेळाडूंसाठी

फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावर पहिली तीन सामायिक पानं उघडण्याआधी, सगळे चिप्स मध्ये गेले, तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आणि समोर राजांची, तर तुम्ही साधारण ८२ टक्के वेळा जिंकता. नवा खेळाडू ८२ वर खूश असतो. उरलेले १८ टक्के म्हणजे दर साडेपाच वेळांत एकदा हार, हे त्याच्या गावीही नसतं. अशी हार लागोपाठ दोन-तीनदा झाली की ऑनलाइन खेळायच्या साइटवर संशय येतो, मग स्वतःवर, आणि नेमका त्याच वेळी खेळ बिघडतो. अशा हरण्याच्या काळालाच डाउनस्विंग म्हणतात, नेमकी व्याख्या तिसऱ्या पायरीत आहे.

संशयाचं आधी बघू. ८० टक्के खात्रीचे शंभर ऑल-इन (सगळे चिप्स लावलेले डाव) घेतले तर सरासरी ८० जिंकता, आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा हेलकावा, येतं ४. म्हणजे ७२ पासून ८८ पर्यंतचा कुठलाही आकडा साधा समजायचा. त्याच शंभरात सलग तीन हरण्याचा प्रसंग निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. कोणी ‘लागोपाठ तीनदा, शक्यच नाही’ म्हणत असेल, तर त्याने शंभर ऑल-इन अजून मोजलेले नाहीत.

पुढचं सगळं नो-लिमिट होल्डेमच्या कॅश गेमला (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) धरून आहे, टूर्नामेंटचं थोडक्यात नंतर येईल. रकमा बिग ब्लाइंडमध्ये (डाव सुरू होताना सक्तीने भरायची मोठी रक्कम), म्हणजे बीबीत आहेत आणि एक बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना घेतलेली रक्कम, १०० बीबी. स्वतःची नोंदही बीबीतच ठेवा. पैशांत ठेवली की हिशेबात घरखर्च शिरतो.

पायरी १: दोन आकडे हाती घ्या

पहिला आकडा विनरेट: रेक (खेळवणाऱ्याने कापलेला हिस्सा) वजा जाऊन दर १०० हँडमागे, म्हणजे डावांमागे, सरासरी किती बीबी सुटतात. दुसरा प्रमाण विचलन: त्या सरासरीभोवती निकाल किती हेलकावतो. पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजर हे नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर दोन्ही आकडे तयार मिळतात. सहा जणांच्या टेबलावर विचलन साधारण ८० ते १०० बीबी असतं. नऊ जणांच्या टेबलावर थोडं कमी, पॉट-लिमिट ओमाहात (हातात चार पानं असणारा प्रकार) १२० ते १६०.

समोरासमोर बसून खेळत असाल आणि सॉफ्टवेअर नसेल तरी चालतं. प्रत्येक बैठकीचे दोन आकडे लिहा: किती हँड झाले (डीलर चांगला असेल तर तासाला २५ ते ३०) आणि निकाल किती बीबी. तीसेक बैठका झाल्या की प्रत्येक बैठकीसाठी असं करा: निकालातून अपेक्षित कमाई (विनरेट गुणिले हँडची शतकं) वजा करा, उत्तराचा वर्ग करा, त्याला त्या बैठकीतल्या हँडच्या शतकांनी भागा. १५० हँड असतील तर दीडने. या सगळ्या उत्तरांची सरासरी काढून वर्गमूळ घ्या. आलेला आकडा हे तुमचं १०० हँडमागचं विचलन. ४० आलं किंवा २०० आलं तर हँडची मोजणी चुकली असं समजून वही पुन्हा तपासा.

इथून पुढे उदाहरणासाठी विनरेट ५ आणि विचलन ९० धरू. ५ हा चांगल्या खेळाडूचा आकडा आहे, सगळ्यांना जमतो असं नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा: शंभर हँडमध्ये कौशल्य ५ बीबी देतं आणि त्याच शंभरात नशीब ९० बीबी इकडे किंवा तिकडे ढकलतं.

पायरी २: किती हँडनंतर काय दिसतं ते काढा

अपेक्षित कमाई हँडच्या संख्येबरोबर सरळ वाढते, हेलकावा त्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणून उशिरा का होईना, कौशल्य वर येतं. १०,००० हँड म्हणजे १०० शतकं, वर्गमूळ १०, हेलकावा ९० गुणिले १० म्हणजे ९०० बीबी. अपेक्षित कमाई ५००. अशा रीतीने:

- १,००० हँड: अपेक्षित ५०, हेलकावा २८५, तोट्यात असण्याची शक्यता ४३ टक्के
- १०,००० हँड: अपेक्षित ५००, हेलकावा ९००, शक्यता २९ टक्के
- ५०,००० हँड: अपेक्षित २,५००, हेलकावा २,०१२, शक्यता ११ टक्के
- १,००,००० हँड: अपेक्षित ५,०००, हेलकावा २,८४६, शक्यता ४ टक्के

हे चांगल्या, जिंकणाऱ्या खेळाडूचे आकडे आहेत. विनरेट निम्मा, म्हणजे २.५ धरला, तर १०,००० हँडनंतर ३९ टक्के, ५०,००० नंतर २७ टक्के आणि एक लाखानंतरही १९ टक्के शक्यता तोट्याची राहते.

समोरासमोरच्या खेळात हँड कमी पडतात, म्हणून तिथे हा प्रकार जास्त जाचक. तिथले प्रतिस्पर्धी कच्चे असतात असं मानून विनरेट १० धरू. महिन्याला २० तास, तासाला ३० हँड, वर्षाचे ७,२००. अपेक्षित कमाई ७२०, हेलकावा ७६४. वर्षाअखेर तोट्यात असण्याची शक्यता १७ टक्के. अख्खं वर्ष बरोबर खेळून वजा आकडा घेऊन बसणारा माणूस सहात एक सापडेल, आणि गंमत म्हणजे त्याच टेबलावर चुकीचं खेळून अधिकात बसलेला माणूस त्याला सल्ले देत असेल.

पायरी ३: शिखरापासूनचं अंतर समजून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. डाउनस्विंग म्हणजे तुमच्या बँकरोलने (पोकरसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेने) आजवर गाठलेल्या सर्वोच्च आकड्यापासून आत्ता तुम्ही किती खाली आहात ते. आलेख सतत वर जावा, मधेच कधीतरी खड्डा यावा, अशी नव्या माणसाची कल्पना असते. प्रत्यक्षात शिखरावर असण्याचे क्षण थोडे आणि खाली असण्याचा काळ मोठा.

किती खाली, तेही काढता येतं. विचलनाचा वर्ग करा आणि विनरेटच्या दुपटीने भागा. आपल्या उदाहरणात ८,१०० भागिले १०, उत्तर ८१० बीबी. दीर्घकाळ खेळत राहिलात तर कुठल्याही दिवशी तुम्ही आपल्या शिखरापासून सरासरी आठ बाय-इन खाली असता. १० बाय-इन किंवा त्याहून खाली असण्याचा काळ २९ टक्के, २० बाय-इनहून खाली असण्याचा ८.५ टक्के. विनरेट २.५ असेल तर सरासरी अंतर थेट १६ बाय-इन होतं, आणि निम्म्याहून जास्त काळ तुम्ही १० बाय-इन खाली असता.

म्हणून ‘दहा बाय-इन गेले, काहीतरी भयंकर बिघडलंय’ हा निष्कर्ष त्या आकड्यावरून काढता येत नाही. काही बिघडलं नाही असाही काढता येत नाही. तो आकडा दोन्हीबद्दल फारसं बोलतच नाही. खेळ तपासायचा रस्ता वेगळा आहे, तो पाचव्या पायरीत.

आणखी एक: पत्ते पिसले की कॅटला मागचं काही आठवत नाही. हातात जोडी असताना फ्लॉपला तिसरं पान लागण्याची शक्यता ११.८ टक्के असते, म्हणजे साडेआठात एकदा. सलग वीस वेळा न लागण्याची शक्यता ८ टक्के आहे, त्यामुळे ते घडतंच. विसाव्यानंतर एकविसाव्यालाही शक्यता ११.८ टक्केच. ‘आता लागायलाच हवं’ म्हणून महागडा कॉल देणं (समोरच्याची बेट भरून डावात राहणं) ही डाउनस्विंगमधली सगळ्यात स्वस्त दिसणारी आणि वर्षभरात सगळ्यात महाग पडणारी सवय.

पायरी ४: बँकरोल आधी ठरवा, खेळ नंतर

बँकरोल म्हणजे फक्त पोकरसाठी बाजूला काढलेली रक्कम, जी पूर्ण गेली तरी भाडं, हप्ते, फी यांतलं काही अडणार नाही. उसने आणलेले पैसे बँकरोल नसतात.

पूर्ण बुडण्याची शक्यता काढायला स्प्रेडशीटमधलं ईएक्सपी हे फंक्शन पुरतं. त्यात उणे दोन गुणिले विनरेट गुणिले बीबीतला बँकरोल, भागिले विचलनाचा वर्ग, एवढं टाकायचं. विनरेट ५ असताना २० बाय-इनवर उत्तर येतं ८.५ टक्के, ३० वर २.५ टक्के, ४० वर ०.७ टक्के. विनरेट २.५ झाला की तेच आकडे २९, १६ आणि ८.५ टक्के होतात. विनरेट निम्मा झाला तर तेवढ्याच सुरक्षिततेसाठी बँकरोल दुप्पट लागतो. उलट बाजूने वाचलं तर सोपं टेबल शोधून विनरेट दुप्पट करणं म्हणजे न कमावता बँकरोल दुप्पट करणं. कठीण टेबलावरून उठण्याइतकं कमी कष्टाचं दुसरं काम पोकरमध्ये नाही.

विनरेट शून्य किंवा वजा असेल तर सूत्राची गरजच नाही: कितीही बाय-इन घेऊन बसा, खेळत राहिलात तर बुडणं नक्की आहे, बँकरोल फक्त तारीख पुढे ढकलतो. बऱ्याच नव्या खेळाडूंचा विनरेट रेक कापल्यावर वजाच असतो. त्यामुळे स्वतःचा विनरेट माहीत नसताना ५ धरू नका. २.५ धरा आणि सगळ्यात खालच्या स्तरावर ५० बाय-इन ठेवा. मग बुडण्याची शक्यता ४.६ टक्क्यांवर येते. ओमाहा खेळणार असाल तर विचलन १४० धरून सूत्र पुन्हा चालवा. आकडा बघून बरेच जण होल्डेमवर परत येतात.

वर-खाली जाण्याचा नियम कागदावर लिहून ठेवा आणि तो जिंकत असताना लिहा, हरताना लिहिलेला नियम पाळला जात नाही. चालणारा नमुना असा: वरच्या स्तराचे ४० बाय-इन जमले की वर जा, आताच्या स्तराचे २५ उरले की खाली या. खालचा स्तर निम्म्या ब्लाइंडचा असेल तर खाली येताच तुमच्याकडे पुन्हा ५० बाय-इन असतात. वरचं सूत्र कधीही खाली न येणाऱ्या माणसासाठी आहे. वेळेत खाली उतरणारा त्याहून बराच सुरक्षित असतो. उतरायला अहंकार आड येतो, त्यावर सूत्र नाही.

जिंकण्याची माळ लागते तेव्हा दक्षता सुटते, हेही इथेच सांगायला हवं. तोही व्हेरियन्सच (नशिबाचा हेलकावाच), पण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. दोन आठवड्यांत १५ बाय-इन आले म्हणून दोन स्तर वर उडी मारली, की पहिल्या साध्या डाउनस्विंगमध्ये आधीच्या सहा महिन्यांची कमाई जाते.

पायरी ५: नशीब किती आणि चुका किती, वेगळं करा

एक हँड जवळून बघू. तुमच्याकडे बदाम आणि चौकटचा राजा. टर्नपर्यंत (चौथ्या सामायिक पानापर्यंत) टेबलावर इस्पिकची राणी, इस्पिकची सत्ती, किलवरची दुर्री, चौकटची चौकी. तुमचे १०० बीबी मध्ये गेले, समोरच्याने कॉल देऊन इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचा दहा दाखवला. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) २०० बीबी. न दिसलेली पानं ४४. त्याला चालणारी: ९ इस्पिक आणि ३ एक्के, एकूण १२. तुम्ही ४४ पैकी ३२ पानांवर, म्हणजे ७२.७ टक्के वेळा जिंकता. पॉटमधला तुमचा वाटा १४५.५ बीबी, घातलेले १०० वजा जाता अपेक्षित नफा ४५.५. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, इस्पिकची तिर्री पडली आणि १०० बीबी गेले. सॉफ्टवेअरमधली ‘ऑल-इन ईव्ही’, म्हणजे अपेक्षित निकालाची, रेषा या हँडसाठी अधिक ४५.५ दाखवेल, खरी रेषा उणे १००. दोघींतलं १४५.५ बीबीचं अंतर हे निखळ नशीब.

महिन्याअखेर दोन्ही रेषा शेजारी बघा. खरी रेषा ईव्ही रेषेच्या बरीच खाली असेल तर ऑल-इनमध्ये पानं वाईट पडली एवढं नक्की. मात्र ईव्ही रेषेला खरी कमाई समजू नका, ती फक्त ऑल-इननंतर उघडलेल्या पानांचा हिशेब ठेवते. तुमच्या राजांसमोर एक्के येणं तिच्यात मोजलं जात नाही, आणि नऊ जणांच्या टेबलावर राजांची जोडी आली की समोर कुठेतरी एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता ३.९ टक्के असते. रिव्हरला दुसऱ्या जोडीवर दिलेला ६० बीबीचा वाईट कॉलही तिच्या नजरेत नशीब नसतो, दोन्ही रेषा सारख्याच खाली येतात.

चुका शोधायच्या तर लवकर स्थिरावणारे आकडे बघा. विनरेट एक लाख हँडनंतरही धड कळत नाही: आपल्या ५ वाल्या खेळाडूला तेवढ्या हँडमध्ये उणे ०.६ पासून १०.६ पर्यंत काहीही दिसू शकतं. पण तुम्ही किती टक्के हँडमध्ये स्वेच्छेने पैसे घालता, म्हणजे व्हीपीआयपी, हा आकडा हजार हँडमध्येच बोलू लागतो. नेहमी २३ असेल तर हजार हँडमध्ये नुसत्या पानांमुळे तो सव्वा-दीड टक्का इकडेतिकडे होईल. डाउनस्विंगच्या हजार हँडमध्ये तो ३० दिसला तर पानांना दोष देता येणार नाही, तुम्ही कचरा हात खेळताय. फक्त त्या काळात टेबलावर माणसं कमी होती का ते बघून घ्या, चौघांत हा आकडा वाढणारच. फ्लॉपआधी रेझ करण्याचं (बेट वाढवण्याचं) प्रमाणही असंच तपासा. ते घसरलं आणि व्हीपीआयपी तेवढाच राहिला किंवा वाढला, तर हरण्याच्या भीतीने तुम्ही रेझच्या जागी कॉल देऊ लागला आहात. फार हरल्यावर बहुतेकांचं हेच होतं.

दुसरी तपासणी हातानेच करावी लागते. आठवड्यातले सगळ्यात मोठे दहा पॉट काढा, हरलेले पाच आणि जिंकलेले पाच. निकाल झाका आणि प्रत्येक रस्त्यावर (बेटिंगच्या प्रत्येक फेरीत) विचारा: या क्षणी जे माहीत होतं त्यावर ही बेट बरोबर होती का? जिंकलेले पाच आवर्जून घ्यायचे, कारण सगळ्यात ढोबळ चुका जिंकलेल्या पॉटमध्ये लपतात. स्वतःला पटत नसेल तर हँड कोणा चांगल्या खेळाडूला दाखवा, पण शेवट न सांगता. शेवट कळला की सल्ला त्याच्याकडे झुकतो.

हरत असताना टेबलावर काय करायचं

एका बैठकीत तीन बाय-इन गेले की उठायचं. गणिताने यात काही वाचत नाही, कारण उद्याचा पहिला हँड आणि आजचा पुढचा हँड सारखाच. वाचतो तो तीन बाय-इन गेल्यानंतरचा तुमचा खेळ. हरताना लांबलेल्या आणि जिंकताना लवकर आवरलेल्या बैठका वहीत दिसत असतील, तर तुमचे सगळ्यात जास्त तास तुमच्या सगळ्यात वाईट खेळात जात आहेत. एकावेळी चार टेबलं खेळत असाल तर दोनवर या. साइट परवानगी देत असेल तर ऑल-इनला उरलेली पानं दोनदा उघडायचा पर्याय सुरू ठेवा: सरासरी तीच राहते, हेलकावा कमी होतो.

डाउनस्विंगच्या मध्यावर खेळाची पद्धत बदलू नका. दर आठवड्याला नवी पद्धत आणणाऱ्याला कुठली चालते हे कधीच कळत नाही, कारण एकीचेही पुरेसे हँड होत नाहीत. बदल एकावेळी एक, आणि तोही पाचव्या पायरीतल्या तपासणीत सापडला असेल तरच.

टूर्नामेंट खेळत असाल तर

वरचे बाय-इनचे आकडे विसरा. बहुतेक बक्षीस पहिल्या काही जागांत असतं, त्यामुळे हेलकावे कॅश गेमपेक्षा कितीतरी मोठे. समजा तुम्ही १५ टक्के वेळा बक्षिसात येता. सलग २० टूर्नामेंट रिकाम्या जाण्याची शक्यता ३.९ टक्के वाटते छोटी, पण ५०० टूर्नामेंटमध्ये अशी माळ सरासरी तीनदा लागते. तीसची माळ लागण्याची शक्यताही चाळीस टक्क्यांवर आहे. मोठ्या संख्येच्या टूर्नामेंटसाठी १०० बाय-इन ही सुरुवात समजा, २०० असतील तर झोप लागेल. कमी खेळाडूंच्या टूर्नामेंटमध्ये बक्षिसं लवकर लागतात, नव्या माणसाने तिथून सुरू करावं.

थांबायचं कधी

व्हेरियन्सच्या नावावर सगळं खपवता येत नाही. विचलन ९० धरून, ना नफा ना तोटा खेळणाऱ्या माणसाला नुसत्या दुर्दैवाने किती खाली जाता येईल याची मर्यादा काढली तर दर १०० हँडमागे असे आकडे येतात: १०,००० हँडनंतर उणे १८ बीबी, २५,००० नंतर उणे ११.४, ५०,००० नंतर उणे ८, एक लाखानंतर उणे ५.७. याहून वाईट निकाल त्याला शंभरात दोन-तीनदाच लागेल. तुमचा आकडा या रेषेच्या खाली असेल तर तुम्ही हरणारे खेळाडू आहात असं धरून चाला: खालच्या स्तरावर जा किंवा पैसे न लावता खेळा, फ्लॉपआधीचे हात पहिल्यापासून बसवा, मग नव्या वहीत शून्यापासून मोजणी सुरू करा. गेलेले पैसे भरून काढायला उसने घेताय, किंवा किती हरलो ते घरात लपवताय, तर हँडची संख्या बघत बसू नका. त्याच दिवशी साइटवर स्वतःला बंद करून घेण्याची सोय वापरा आणि घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा.